साथीचे निर्बंध आणि घरातले धान्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या मांडवात उभे राहून डाळ-तांदळाच्या भावाविषयी बोलणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उसनवारीचा हिशेब काढण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्हीही आधी शिक्षणाविषयीच बोलायचे ठरविले होते. परंतु संस्थेच्या पन्नास वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळताना सन २०२०-२१ च्या पानांवर आमची नजर थांबली. एरवी त्या वह्यांत पाठ्यपुस्तके, शिष्यवृत्त्या, औषधपाणी, मयताचा खर्च अशी नाना खाती आढळतात. त्या एका वर्षी मात्र पानामागून पान ‘धान्य’ या एकाच शब्दाने भरले आहे. ती पाने आपण घाईने उलटून पुढे आलो, असे आम्हांला वाटते. आज ती पुन्हा उघडावीत, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आम्ही काही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. विज्ञानाची पदवी घेतली, मग शिक्षणशास्त्राची, आणि गेली वीसेक वर्षे मराठी शाळेत मुलांना गणित शिकवीत आहोत. या संस्थेशी आमचे नाते त्याहून जुने आहे. आम्ही सातवीत असताना वडिलांचा शिवणकामाचा धंदा बसला होता. त्या साली आमची पुस्तके या संस्थेने दिली. मुसलमानाचा मुलगा की कोणाचा, हे कोणी विचारले नाही. गुणपत्रक तेवढे पाहिले. तेव्हा येथे चार शब्द कडू आले, तर घरचाच माणूस बोलतो आहे असे समजून ते पोटात घालावे.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता ती लागू झाली. मध्ये चार तास होते. त्या चार तासांत आपल्या शहरात काय झाले ते येथे बसलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. किराणा दुकानांसमोर रांगा लागल्या, आणि ज्याच्या खिशात महिन्याचा पगार होता त्याने दोन महिन्यांचे सामान उचलले. आम्हीही उचलले, खोटे कशाला बोला? दहा किलो तांदूळ, पाच किलो पीठ, तूरडाळ, तेलाचे डबे. रिक्षा भरून घरी आलो तेव्हा आपण मोठे शहाणपण केले असे वाटत होते. आमच्या मागे रांगेत एक गवंड्याच्या हाताखाली काम करणारा मनुष्य उभा होता. त्याने एक किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ घेतली. त्याला दूरदृष्टी नव्हती असे नाही. त्याच्या खिशात तेवढेच होते.

येथेच आमच्या विषयाचे पहिले गणित आहे. वर्गात फळ्यावर मांडतो तसे मांडून पाहू. समजा, अशा एका मजुराच्या घरात महिन्याला बारा हजार रुपये येतात आणि त्यांतले सहा हजार अन्नावर जातात. भाव शेकडा दहाने वाढले, तर त्या घराला सहाशे रुपयांची तोशीस लागली. आता भाव जागच्या जागी राहिले, पण पंधरा दिवस काम बंद पडले असे धरा. त्या घराचे सहा हजार बुडाले. म्हणजे महागाईच्या दहापट. महागाईची चर्चा आपण सारेच करतो, कारण ती पगारदारालाही झोंबते आणि वर्तमानपत्रात तिचा आकडा छापून येतो. बुडालेली मजुरी कोणाच्या फळ्यावर लिहिलेली नसते. साथीच्या निर्बंधांत भूक आली ती बहुतांशी या दुसऱ्या वाटेने आली. आणि आधीच निम्मी मिळकत गेलेल्या घरावर वाढीव भावाचे सहाशे रुपये येऊन पडले, तेव्हा ते सहाशे राहिले नाहीत, पहाड झाले.

आता भावाकडे वळू. निर्बंधांच्या काळात भाव का वाढले, असे विचारले की लोक दोनच उत्तरे देतात: माल कमी होता, किंवा व्यापारी नडले. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. पण आपल्या जिल्ह्याने जे पाहिले ते याहून वेगळे होते.

गोव्याच्या ताटातली भाजी मोठ्या प्रमाणावर आपल्या बेळगावातून जाते, हे तुम्हांला सांगायला नको. पहाटे मार्केट यार्डात सौदे होतात आणि सकाळी गाड्या चोर्ला घाट उतरतात. मार्च २०२० च्या अखेरीस सीमा बंद झाल्या, गाड्या अडकल्या आणि गोव्यात सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद राहिली. मडगावची आमची आतेबहीण फोनवर सांगत होती की घरात पैसे आहेत, पण दुकानच उघडत नाही, भाजी तर दृष्टीस पडत नाही. त्याच आठवड्यात कडोलीकडच्या आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात कोबीचे गड्डे फुटू लागले होते. उचलायला गिऱ्हाईक नाही आणि तोडायला मजूर नाही. त्यांनी शेवटी रानात जनावरे सोडली. घाटाच्या वर कोबी फुकट झाला आणि घाटाखाली तो सोन्याच्या भावाने मिळेना. कोबी तोच, आठवडाही तोच; बिघडला होता तो मधला शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता.

भाव म्हणजे केवळ मालाची किंमत नव्हे. त्यात लॉरीचे भाडे आहे, हमालाची मजुरी आहे, दलालाची अडत आहे, नासाडीचा अंदाज आहे आणि दुकानदाराचे भांडवल किती दिवस गुंतून पडणार याचा हिशेब आहे. निर्बंध आले की यांतले प्रत्येक कलम चढते. नाक्यावर अडविण्याच्या भीतीने चालक गाडी काढत नाही. काढली तर परतीचे भाडे मिळत नाही, म्हणून तो जाण्याचेच दुप्पट मागतो. वाटेतले धाबे बंद, पंक्चर काढणारा बंद. यार्डातले हमाल गावी गेलेले. महाराष्ट्रातून येणारा माल कोगनोळीच्या नाक्यावर खोळंबलेला. मे २०२० मध्ये वाशीचे मोठे बाजार आवार साथीमुळे आठवडाभर बंद ठेवावे लागले. मुंबईच्या घराघरांत त्याची झळ पोहोचली. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या राज्यात दुकाने सकाळी सहा ते दहा एवढीच उघडी राहत. चार तासांत सारे गाव रस्त्यावर. अशा वेळी गिऱ्हाईक चार दुकाने फिरून भाव विचारू शकत नाही. समोर मिळेल ते, सांगतील त्या दराने घेऊन घरी पळते. यात लबाडी करणारे दुकानदार होते, नाही असे नाही. परंतु दारे बंद असताना उधारीवर सामान देणारेही होते, आणि त्या उधाऱ्या पुष्कळांच्या अजून वसूल झालेल्या नाहीत. व्यापाऱ्याला सरसकट चोर ठरविले की आपली जबाबदारी संपते, म्हणून ते उत्तर सोयीचे वाटते.

म्हणून निर्बंधांच्या काळातल्या भावाची एक खूण आम्ही सांगतो. दुष्काळात शेतावर आणि दुकानात दोन्हीकडे भाव चढतात. निर्बंधांत मात्र शेतावर भाव पडतो आणि दुकानात चढतो. या दोहोंतले अंतर जितके वाढते, तितकी पिकविणाऱ्याची आणि खाणाऱ्याची अशी दोघांची एकाच वेळी नागवण होते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. लायबेरिया देशाने भाग वेगळे काढले, शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या. तेथील गरिबाचे मुख्य अन्न कसावा. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा. मन्रोव्हिया या राजधानीच्या एका मोठ्या बाजारात ऑगस्टच्या पहिल्या काही आठवड्यांतच कसाव्याचा भाव शेकडा दीडशेने चढल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने केली. म्हणजे शंभराचा माल अडीचशेला.

दूरच्या देशातले निर्बंध आपल्या कढईपर्यंत कसे येतात, हे तेलाने दाखविले. भारत खातो त्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. त्यांत पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियाचे. मलेशियातल्या पामच्या बागा परदेशी मजुरांवर चालतात. सीमा बंद झाल्यावर नवे मजूर येईनात, झाडावरची फळे वेळेवर उतरेनात. त्यातच काळ्या समुद्राच्या बाजूला सूर्यफुलाचे पीक पावसाअभावी घटले आणि चीनची खरेदी वाढली. जून २०२० पासून मे २०२१ पर्यंत जगाच्या बाजारात अन्नधान्याचा निर्देशांक सलग बारा महिने चढत गेला, आणि त्यात तेलाचा वाटा मोठा होता. आपल्या देशातही ऑक्टोबर २०२० मध्ये अन्नपदार्थांची किरकोळ महागाई वर्षाच्या मानाने शेकडा अकरावर गेली. त्यात अवकाळी पावसाने झालेली कांदा-टोमॅटोची हानी होती, हेही सांगितले पाहिजे. सारे खापर निर्बंधांवर फोडणे न्यायाचे होणार नाही.

मग देशात धान्य नव्हते काय? येथे आम्ही तुमचे लक्ष एका आकड्याकडे वेधतो. १ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून सुमारे ५६९ लाख टन धान्य होते. त्या तारखेस ठेवावयाचा नियमित साठा २१० लाख टनांचा. म्हणजे गरजेच्या अडीचपटीहून अधिक धान्य कोठारांत होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसे उपाशी पोटी महामार्गाने गावाकडे चालली होती. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले गेले की एक कोटी चार लाखांहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले.

सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे होईल. टाळेबंदीनंतर दोनच दिवसांनी, २६ मार्चला, सुमारे ऐंशी कोटी रेशनधारकांना माणशी महिना पाच किलो धान्य आणि कुटुंबाला एक किलो डाळ मोफत देण्याचे जाहीर झाले. मधल्या काही महिन्यांचा खंड सोडला तर हे जादा धान्य डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. रेशनचे मूळ धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी तसे ठेवण्यात आले आहे. या धान्याने लाखो घरे तगली. जगाच्या इतिहासात एवढे मोठे धान्यवाटप फार थोड्या वेळा झाले असेल.

परंतु या वाटपाला एक कुंपण होते, ते म्हणजे रेशनकार्ड. कोणाला धान्य मिळावे याची संख्या २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने २०११ च्या जनगणनेवरून ठरविली. त्यानंतर जन्मलेल्या, लग्न होऊन आलेल्या, वेगळ्या राहू लागलेल्या कितीतरी जणांची नावे कार्डांत चढली नाहीत. शिवाय कार्ड गावी आणि माणूस शहरात, हा घोळ निराळाच. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही सोय १ जानेवारी २०२० पासून बारा राज्यांत लागू झाली होती आणि त्यांत कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र ही तिन्ही होती. पण ती कागदावरून दुकानात उतरायला वेळ लागला. मे २०२० मध्ये कार्ड नसलेल्या अंदाजे आठ कोटी मजुरांसाठी आठ लाख टन धान्य मंजूर झाले. त्यातले निम्म्यापेक्षा कमीच धान्य प्रत्यक्ष माणसांच्या हातांत पडले. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही सोय सर्व राज्यांत लागू करण्यासाठी मुदत घालून द्यावी लागली.

धान्य असणे आणि धान्य मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून दाखविले. त्या वर्षी बंगालात उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ साली दुष्काळ नव्हता. मग १९४३ साली माणसे का मेली? युद्धाच्या भीतीने सरकारने १९४२ मध्ये किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतल्या होत्या. प्रांताप्रांतांनी धान्याच्या वाहतुकीवर बंदी घातली होती. भाव चढले, आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मिळकत त्या भावाला पुरी पडली नाही. सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख मृत्यू धरले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांच्या घरात जातात. २०२० साली बंगालची पुनरावृत्ती झाली नाही, याचे श्रेय कोठारांतल्या धान्याला आणि रेशनच्या दुकानांना आहे. पण होड्या काढून घेतल्यावर काय होते, याची चुणूक आपणही पाहिली.

आता आमच्या शाळेची गोष्ट सांगतो. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. मुलांचा अभ्यास बुडेल याची आम्हां शिक्षकांना काळजी लागली. त्यांचे दुपारचे जेवण बुडाले, हे आमच्या ध्यानातही आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्चलाच आपण होऊन त्याची दखल घेतली होती. आम्ही रोज ती पंगत डोळ्यांनी पाहणारे, आम्हांला ते सुचले नाही. ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजनेखाली आम्ही वस्तीवस्तीत जाऊन मुलांना झाडाखाली, ओट्यांवर शिकवू लागलो. पहिल्याच दिवशी अपूर्णांक शिकविण्याच्या तयारीने गेलो होतो. सहावीतल्या एका मुलाने पाटी पुढ्यात ठेवली आणि हळूच विचारले, “सर, आज जेवण हाय काय?” आम्ही ‘नाही’ म्हणालो. त्याने मान हलविली आणि पाटीवर तारीख लिहायला घेतली. त्या दिवशी अपूर्णांक आम्हांला नीट शिकविता आले नाहीत.

पुढे शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा मिळू लागला, आणि सुमारे दीड वर्षाने पंगती पुन्हा बसल्या. मधल्या काळात त्या वस्तीतल्या घरांत काय शिजत होते, ते आम्ही पाहत होतो. तांदूळ होता. मिळकत घटली की घर आधी अंडे सोडते, मग दूध, मग भाजी, मग डाळ. भात सर्वांत शेवटी सुटतो. म्हणून पोट भरते, पण अंग भरत नाही. आपल्या देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची शंभरांतली सदुसष्ट मुले रक्तक्षयी आहेत असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. ही दुर्दशा साथीच्या आधीपासूनची. डाळ-भाजी सुटलेल्या दीड वर्षाने ती सुधारली नसणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही. अन्नसुरक्षा म्हणजे केवळ तांदळाचे पोते नव्हे, हे आपण ध्यानात धरले पाहिजे.

आता संस्थेच्या वहीतल्या त्या पानांकडे येतो. एप्रिल २०२० मध्ये आपण तीनशे पिशव्या वाटल्या: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा. स्वयंसेवकांत आम्हीही होतो. काम मनोभावे केले, पण तीन चुका झाल्या, आणि त्या तिन्हींत आमचा हात होता.

पहिली चूक खरेदीची. आपण सारी डाळ आणि तेल एका दिवसात रविवार पेठेतून उचलले. त्याच आठवड्यात शहरातली आणखी पाच-सात मंडळे तेच करीत होती. पेठेत नवा माल येत नव्हता. दोन दिवसांत डाळीचा किरकोळ भाव चढला आणि जो गरीब आपल्या यादीत नव्हता त्याने तो चढा भाव मोजला. दानासाठी केलेल्या खरेदीनेही महागाई होते, हा धडा आम्हांला त्या आठवड्याने शिकविला.

दुसरी चूक यादीची. आपल्या ओळखीची, आपल्या भाषेची, आपल्या गल्लीतली माणसे आपण लिहिली. शहराबाहेर वीटभट्टीवर राहणारी कुटुंबे त्यात नव्हती. त्यांची कार्डे दुसऱ्या जिल्ह्यांत आणि त्यांची भाषा निराळी. ती आम्हांला मे महिन्यात दिसली, तेव्हा पिशव्या संपल्या होत्या.

तिसरी चूक रांगेची. आपण रांग लावली आणि छायाचित्रे काढली. देणगीदारांना हिशेब द्यावयाचा होता, हेतू वाईट नव्हता. पण आमच्याच एका विद्यार्थ्याची आई त्या दिवशी आली नाही. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, “सर, पिशवी पाहिजे होती. फोटो नको होता.” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्या धर्मात ईदच्या नमाजापूर्वी फित्रा देण्याची चाल आहे. माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. घरात जितकी माणसे, तितके हिस्से. तान्ह्या मुलाचाही हिस्सा द्यावा लागतो. दरवर्षी गव्हाच्या भावाप्रमाणे ती रक्कम जाहीर होते. लहानपणी आमच्या मातोश्री आम्हांला शेजारच्या विधवा म्हातारीकडे फित्रा द्यायला पाठवीत, तेव्हा दोन अटी घालीत: नमाजाआधी पोहोचला पाहिजे आणि कोणाला दिसता कामा नये. वेळेवर आणि न दिसता. शास्त्राचा अर्थ थोर लोक सांगोत. आम्हांला या दोन शब्दांत धान्यवाटपाची सारी नियमावली सापडते. देवळाच्या दारी शिधा देणाऱ्या आपल्या आज्यांनाही ती ठाऊक होती.

यावरून आमच्या चार सूचना आहेत. विश्वस्तांनी त्यांचा विचार करावा.

एक: संस्थेने एक नोंदवही ठेवावी आणि दरवर्षी जून महिन्यात ती नव्याने करावी. एकटे वृद्ध, विधवा, अपंग, रोजंदारीवरची घरे आणि बाहेरगावचे मजूर, कोणत्याही भाषेचे व धर्माचे असोत, त्यात असावेत. संकट आल्यावर यादी करू लागलो की ओळखीचीच नावे आठवतात.

दोन: पिशव्यांऐवजी चिठ्ठ्या द्याव्या. ती चिठ्ठी गल्लीतल्या कोणत्याही ठरलेल्या दुकानात चालावी आणि संस्थेने महिनाअखेर दुकानदाराचे पैसे चुकते करावे. रांग नको, छायाचित्र नको. ज्याला डाळ हवी तो डाळ घेईल, ज्याच्या घरी तान्हे मूल आहे तो दूध घेईल. एका पेठेवर भार पडणार नाही आणि गल्लीतले दुकानही तगेल.

तीन: आसपासच्या गावांतल्या दहा-पंधरा शेतकऱ्यांशी आधीच बोलणे करून ठेवावे. रस्ते अडले तर घाटाखाली न जाणारी भाजी शहरातल्या वस्त्यांत तरी उतरेल.

चार: महिन्यातून एक रविवार या सभागृहात रेशनकार्डाचे काम चालावे. नाव चढविणे, पत्ता बदलणे, आधारची जोडणी, अंगठा न उमटणाऱ्या म्हाताऱ्यांची तक्रार लिहून देणे. एक नाव कार्डात चढले तर त्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य कायमचे मिळते. आपल्या कोणत्याही पिशवीपेक्षा ते मोठे दान आहे. आम्ही शिक्षक मंडळी अर्ज लिहायला बसू. तेवढे अक्षर आमचे बरे आहे.

यास पैसा लागेल. महोत्सवी निधीतून या सभागृहाला नवी कमान आणि संगमरवरी फरशी करण्याचा विचार चालू आहे, असे ऐकतो. आम्ही त्याच्या आड येत नाही. पन्नास वर्षे चाललेल्या संस्थेला चांगले दार असावे. पण त्या निधीचा दशांश वेगळा काढून त्याचे ‘धान्य’ या नावाने कायमचे खाते उघडावे, अशी आमची विनंती आहे. फरशी या वर्षी अर्ध्या दालनाला झाली तरी चालेल.

पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. येईल तेव्हा निर्बंधही येतील, आणि जीव वाचविण्यासाठी ते कदाचित योग्यही असतील. आमच्या आजोबांच्या पिढीला प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी माहीत होत्या. कोणत्या रानात जायचे आणि बरोबर काय न्यायचे, हे घरोघर ठरलेले असे. दारे बंद करण्याचा हुकूम चार तासांत निघू शकतो. त्या चार तासांत आपल्याला करता येण्याजोगे फार थोडे असते. जे करायचे ते आज, दारे उघडी असताना आणि पेठेत डाळ भरपूर असताना केले पाहिजे.

 अर्ज लिहिण्याचा पहिला रविवार कोणता, ते अध्यक्षांनी जाहीर करावे. आम्ही दहा वाजता दौत-कागद घेऊन येतो.